सुभाषनं नाकारलेल्या नळ्या

आमच्या वडगावात माग चालू असला की फोन कुठला ऐकू येतोय! तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. मच्छ्याच्या कारखान्यातून महादेव, माझ्या धाकट्या भावाच्या, सुभाषच्या हाताखाली काम करणारा. "आक्का, माग बंद कर आधी..." म्हणाला, आणि रडायलाच लागला. दाबयंत्रातली नळी फुटून तिची टोकदार कपची सुभाषच्या गळ्यात घुसली होती. दवाखाना येईपर्यंत अंगातलं रक्त संपलं.

दीड महिना झाला. कार्बनच्या धाग्यांच्या नळ्या दाबून फोडायच्या, किती भार सोसतात ते बघायचं, हे त्याचं काम. मला सांगायचा, "आक्का, ह्यो धागा वडलास तर हत्ती लटकंल. पर दाबलास की जिथं जरा वाकडा असंल तिथं मोडतोय, शेजारच्यांना घिऊन. लोखंड वाकून सांगतंय तरी. हे न्हाय सांगत, फाडकन् उडतंय."

"म्हंजे तुझ्यावानीच की रं!" मी म्हटलं. लई तापट होता. एकदा भरलं ताट भिंतीवर आपटलेलं.

शेवटच्या खेपेतल्या नळ्या त्यानं नाण्यानं ठोकून नाकारल्या. आवाज बद्द येतोय, आत थर सुटलेत, म्हणाला. मालकांना पटेना; दाबून दाखव म्हणाले. रागाच्या भरात यानं पुढची आडोशाची झडप न लावताच यंत्र चालू केलं आणि आतली बारीक कटकट ऐकायला कान जवळ नेला... मागावर तुटता धागा कानानं धरायचा, हे मीच शिकवलं होतं त्याला.

तेराव्यानंतर मालक घरी आले. "आक्का, नळ्या चांगल्याच होत्या. चूक त्याची झाली."

"झडपेची चूक त्याची, व्हय. नळ्यांचं मला दाखवा. त्याच खेपेतली दुसरी दाबा, माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. महादेवनं झडप लावली. भाराचा काटा ठरल्याच्या निम्म्यावरही गेला नव्हता, तोवर फाडकन्! काळ्या काड्या गारांसारख्या झडपेवर आदळल्या. मालक दारापर्यंत मागं सरले.

टेबलावर सुभाषची वही होती. त्या खेपेपुढं त्यानं 'नापास' लिहिलेलं, आणि कुणीतरी त्यावर रेघ ओढलेली. महादेवकडून पेन घेतलं. शाळा मी पाहिली नाही. सुभाष शाळेतून आला की त्याच्याच पाटीवर गिरवायची. त्या वाकड्या अक्षरात रेघेखाली पुन्हा लिहिलं... नापास.