मापवहीतला शेरा

शिंप्याच्या मापवहीत आकड्यांपुढे एक अरुंद रकाना होता. तीस वर्षं तो त्यात स्वतःपुरतं लिहीत आला होता: ‘माप देताना पोट आत घेतो. दोन बोटं सोडणे.’ ‘डावा खांदा उतरलेला. बोलू नये, झाकावे.’ यापलीकडे साहित्याची सेवा करण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता.

मग त्याचा धाकटा मेहुणा नोकरीतून मुदतीआधीच मोकळा झाला, म्हणजे रोज दुपारी दुकानात येऊन बसू लागला. एकदा सहज त्याने वही चाळली आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

“दाजी, कात्री कसली चालवता? लेखक व्हा!”

“काहीतरीच तुझं,” शिंपी म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून रकान्यातली वाक्यं लांबत समासात शिरली. मेहुणा आल्या आल्या विचारी, “आज कोण?” आणि खड्या आवाजात वाची. काजं करत बसलेली बायको मान वर न करता म्हणे, “अहो, आधी माप नीट लिहा. वर्णनं मागाहून.”

अशात शाळेचे मुख्याध्यापक आले. निरोपसमारंभासाठी कोट हवा होता, जन्मातला पहिलाच. शिंप्याने लिहिलं: ‘सर छाती काढून असे उभे, जणू प्रार्थना अजून संपायची आहे.’ मेहुण्याने ते तीनदा वाचलं.

परीक्षांच्या गडबडीत सरांना मध्ये कोट घालून बघायला जमलं नाही. समारंभाच्या सकाळी आले, तर बटण लागेना. छाती काढली की पोट आत जातं; या वेळी छातीचं वर्णन झालं, पोट लिहायचं राहिलं.

“असू द्या,” सर म्हणाले, “श्वास धरून उभा राहीन.”

“आणि भाषण?” बायकोने विचारलं.

शिंप्याने शिवण उसवली. नशीब, कापताना हाताने सवयीने आत जास्तीचं कापड सोडलं होतं. तासाभरात बटण लागलं. सर आरशापुढे मोकळा श्वास घेऊन पुन्हा एकदा वळले, आणि गेले.

दुपारी मेहुण्याने वही उघडली. कालपर्यंतचं वाक्य खोडून खाली लिहिलं होतं: ‘श्वास धरतात. दोन बोटं सोडणे.’

“हे काय दाजी? यात मजा कुठंय?”

“नाहीये,” शिंपी म्हणाला आणि वही गल्ल्यात टाकून त्याने कुलूप लावलं.

मात्र वाक्य त्याने खोडलं होतं ते पेन्सिलीने, इतक्या हलक्या रेघेने, की त्यातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.