भर सभेत मागितलेला पुरावा

यादवराव रामटेके सत्तेचाळीस वर्षांचे असताना डॉक्टरने त्यांना बजावलं, की शुगर अशीच राहिली तर पुढच्या वर्षी गोळ्या नाहीत, थेट इंजेक्शनं. ही २००२ सालची गोष्ट. यादवराव मूळचे नागपूरच्या इंदोऱ्याचे. टोरांटोजवळच्या हॅमिल्टनच्या एका पोलाद कारखान्यात, लॅबमध्ये नमुने तपासायची नोकरी. घरी बायको राधा आणि नऊ वर्षांची प्रीती. जिमचं नाव काढलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. शेवटी बार्टन स्ट्रीटवरच्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये कोणी म्हातारा चिनी माणूस दर शनिवारी कुंग फू शिकवतो असं कळलं. प्रीतीला क्लासला घालायच्या निमित्ताने ते स्वतःही आत शिरले.

त्या माणसाचं नाव लाउ. सगळे त्यांना सिफू म्हणत, म्हणजे गुरुजी. तीस वर्षं रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करून रिटायर झालेले, अंगाने काटकुळे. त्यांची पद्धत लांब हातांची होती. हात दोरासारखे सैल सोडायचे आणि खांद्यातून फेकायचे. भिंतीवर एका लामाचं चित्र, त्याच्यासमोर उदबत्ती आणि तीन संत्री.

"हे कोण?" यादवरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

सिफूंनी आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत गोष्ट सांगितली. फार पूर्वी तिबेटात एक लामा तळ्याकाठी ध्यानाला बसला होता. समोर एक पांढरा क्रौंच पक्षी आणि एक वानर यांची झुंज लागली. ती बघून त्याने ही विद्या बसवली, पुढे कोणी तरी ती चीनच्या दक्षिणेला, ग्वांगडाँगला आणली. "माय सिफू से तिबेट," ते म्हणाले. "सम पीपल से नो, ओन्ली ग्वांगडाँग." एवढं बोलून त्यांनी यादवरावांच्या गुडघ्यावर टपली मारली. "नी बेंड!"

यादवरावांनी त्या सगळ्यातलं तिबेट तेवढं उचललं. बौद्ध मठातली विद्या, आणि ती आपल्या बौद्ध माणसाच्या हाती यावी, तीही हॅमिल्टनमध्ये! त्यांना फार भरून आलं. शनिवार त्यांनी सहसा चुकवला नाही. वर्षभरात वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली. सिफू त्यांना 'यादव' म्हणून हाक मारायचे, आणि क्लास सुटल्यावर दोघं मिळून खुर्च्या रचून ठेवायचे. अशी सात वर्षं गेली. मध्ये कधी तरी इंटरनेटवर यादवरावांनी वाचलं, की ह्या विद्येचा तिबेटात काहीच मागमूस लागत नाही, चिनी लोकांनीच वजन यावं म्हणून लामाचं नाव जोडलं असेल. कोणी लिहीत होतं, की नाही, मूळ तिबेटचंच आहे, फक्त चीनमध्ये बदललं. यादवरावांनी पहिलं पान बंद केलं आणि दुसरं प्रिंट काढून फाइलला लावलं.

२००९च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम हॅमिल्टनला करायचं ठरलं. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, विंडसरहून माणसं येणार होती. यादवरावांनी स्मरणिकेत चार पानी लेख लिहिला. ही विद्या तिबेटी बौद्ध मठांची, चीनने ती फक्त आपल्या नावावर खपवली, असा त्यातला सूर. सिफूंना मराठी येत नव्हती, त्यामुळे आपण काय लिहिलंय हे त्यांना सांगायची वेळ आली नाही. आणि खरं म्हणजे यादवरावांनी ती येऊ दिली नाही. उलट प्रात्यक्षिक करायला त्यांनाच बोलावलं. प्रमुख पाहुणे म्हणून टोरांटोहून लोब्सांग नावाचे तिबेटी गृहस्थ आणले. लोब्सांग तिबेटातून पळून आल्यावर तीस वर्षं विदर्भातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत राहिलेले, थंडीत नागपूरला स्वेटर विकायला बसायचे. यादवरावांचा आनंद गगनात मावेना.

प्रात्यक्षिक छान झालं. एकाहत्तर वर्षांच्या सिफूंनी हात असे फिरवले की पुढच्या रांगेतल्या बायकांनी मान मागे घेतली. सोळा वर्षांच्या प्रीतीनेही टाळ्या मिळवल्या. मग लोब्सांग माइकवर आले.

"बहुत बढ़िया," ते म्हणाले. "लेकिन सच बोलूँ? तिब्बत में तो मैंने ये कभी देखा नहीं. ये चाइनीज़ चीज़ है."

सूत्रसंचालन करणारा नंदन, टोरांटोचा आयटीवाला, त्याला विनोद केल्याशिवाय राहवेना. "म्हणजे रामटेकेसाहेब, मेड इन चायना!"

हॉल खदखदून हसला. प्रत्येकाच्या मांडीवर स्मरणिका होती आणि तिच्यात यादवरावांचा फोटो. त्या वेळी ते गप्प बसले असते तर पाच मिनिटांत सगळे जेवायला उठले असते. पण ते स्टेजवर चढले, नंदनच्या हातातून माइक घेतला आणि सिफूंकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "सिफू, तुम्हीच आम्हाला तिबेट सांगितलंत. लोकांना सांगा, पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

सिफू घाम पुसत होते. त्यांना आधी वाटलं, काही कौतुकाचं चाललंय. मग चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"माय सिफू टेल मी," ते म्हणाले.

"आणि त्यांना कोणी सांगितलं?"

"हिज सिफू."

पुन्हा हशा. यादवरावांना वाटलं, आता लोक आपल्याला नाही, त्यांना हसतायत. बरं वाटलं त्यांना. हे त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही, पण त्या एका क्षणी बरं वाटलं. ते लोकांकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "मित्रहो, याचा अर्थ माझीही दिशाभूल झाली."

सिफूंना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. त्यांनी प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, प्रात्यक्षिकातल्या भाल्याची लांब पिशवी खांद्याला लावली आणि जेवणासाठी न थांबता निघाले. प्रीती कोट न घालताच त्यांच्या मागे धावली.

ती संध्याकाळी बसने घरी आली. "You asked him for papers, Baba," एवढंच म्हणाली आणि वर खोलीत गेली.

राधाबाई भांडी लावत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "धरमपेठेतला तो घरमालक आठवते का तुमाले? लग्नानंतर खोली पाहाले गेलो होतो, तो?"

यादवरावांना आठवत होता. त्याने चहा दिला होता, खोली दाखवली होती, आणि मग अगदी गोड आवाजात विचारलं होतं, 'रामटेके म्हणजे नेमके कुठले? मूळचे कोण?' दुसऱ्या दिवशी खोली भाड्याने गेल्याचा निरोप आला होता.

"तसंच विचारलं तुमी त्या म्हाताऱ्याले," राधाबाई म्हणाल्या. "चार लोकांसमोर. काहून विचारलं?"

जन्मभर ज्या प्रश्नाची यादवरावांना चीड होती, तू मूळचा कोण, दाखव पुरावा, तोच प्रश्न त्यांच्या तोंडून बाहेर पडला होता, आणि तोही आपल्याला सात वर्षं हाताला धरून शिकवणाऱ्या माणसाला. बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून.

पुढच्या शनिवारी ते क्लासला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. प्रीतीला ते चर्चच्या दोन चौक अलीकडे सोडायचे, आणि ती दार आपटून उतरायची. ऑगस्टमध्ये चिनी ग्रोसरीत सिफू समोरून येताना दिसले. यादवराव, चौपन्न वर्षांचा बाप्या, तांदळाच्या पोत्यांमागे वाकून लपले. कामावरच्या पोराने विचारलं, "Sir, you lost something?" तेव्हा त्यांनी बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं. बुटाला नाडी नव्हती.

ऑक्टोबरमध्ये लोब्सांग यांचा फोन आला. "भाई, मुझसे गलती हुई," ते म्हणाले. "सत्रह साल का था जब निकला. तिब्बत कितना बड़ा है! किस मठ में क्या था, मुझे क्या मालूम?" आधल्याच वर्षी तिबेटमधल्या गोळीबाराच्या बातम्यांनी आपण पोळलो होतो, चिनी माणूस समोर दिसला आणि जीभ घसरली, असंही त्यांनी कबूल केलं. त्यामुळेच गेल्या महिन्यात ते बसने हॅमिल्टनला येऊन सिफूंना भेटून गेले होते. प्रीतीने पत्ता दिला होता. दोघांनी दुपारभर चहा घेतला. लाउ बासष्ट साली समुद्रातून पोहत हाँगकाँगला पळालेले, लोब्सांग एकोणसाठ साली डोंगर ओलांडून. "दोनों भागे हुए," लोब्सांग हसले. "तिब्बत-चीन की बात ही नहीं निकली. आपका पूछ रहे थे. तबियत ठीक है क्या."

यादवरावांनी फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन नुसतेच उभे राहिले. ज्यांच्यात भांडायला खरंखुरं कारण होतं ते चहा पिऊन मोकळे झाले होते. ज्याचं तिबेटशी घेणं नाही की चीनशी देणं नाही, तो पोत्यांमागे लपत होता.

तरी माफी मागायला जायचा धीर होईना. तोंडाने जे जमत नाही ते कागदावर जमेल असं त्यांना वाटलं. २०१०च्या स्मरणिकेसाठी त्यांनी दहा ओळींचं निवेदन पाठवलं. नंदनचा फोन आला, "काका, कशाला जुनं उकरता? लोक विसरले." यादवराव म्हणाले, "ज्यांना विसरता येत नाही ते दोघं आहेत. छाप." छापलं ते शेवटच्या पानावर, एका मॉर्गेज एजंटच्या जाहिरातीखाली, बारीक टायपात.

तो अंक घेऊन एप्रिलच्या एका शनिवारी ते बेसमेंटच्या पायऱ्या उतरले. आत बारा-पंधरा जण सराव करत होते. यादवरावांनी बूट काढले आणि अंक दोन्ही हातांनी पुढे केला. सिफूंनी पान वरखाली करून बघितलं आणि प्रीतीकडे दिलं. "रीड."

प्रीतीने कागदाकडे बघितलं आणि मग बापाकडे. "I can't, Sifu. I can't read Marathi."

मग सिफूंनी अंक यादवरावांच्या हातात परत दिला आणि वाट बघत उभे राहिले. सगळा क्लास थांबला.

यादवरावांना स्वतःच्या ओळी स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सांगाव्या लागल्या. "मागच्या वर्षी मी माझ्या गुरूंना भर सभेत पुरावा विचारला. दिशाभूल त्यांनी केली नव्हती. मला जे ऐकायचं होतं तेवढंच मी ऐकलं, आणि लोक हसले तेव्हा दोष त्यांच्यावर ढकलला." पुढचं वाक्य होतं, 'मला त्याची लाज वाटते.' तेही त्यांनी म्हटलं, आणि एका गोऱ्या पोराने नजर जमिनीकडे वळवली.

सिफू ऐकून घेत होते. संपल्यावर त्यांनी मान हलवली. "इन रूम, आस्क मी. आय से आय डोन्ट नो," ते म्हणाले. "इन हॉल, व्हॉट आय से? माय सिफू लायर?"

सिफूंनी मागच्या रांगेकडे बोट केलं, नवख्यांच्या. यादवराव तिथे जाऊन उभे राहिले.

पुढे ते तीन वर्षं, गुडघा निकामी होईपर्यंत जात राहिले. सिफू त्यांना शिकवायचे, चूक झाली तर दुरुस्त करायचे, कधी हसायचेही. पण 'यादव' म्हणून हाक त्यांनी पुन्हा मारली नाही. मिस्टर रामटेके म्हणायचे, अगदी नीट, एकेक अक्षर सांभाळून. प्रीती एकदा म्हणाली, की सांग ना त्यांना, पूर्वीसारखं म्हणा. यादवराव म्हणाले, "नको. त्यांना वाटलं तर म्हणतील." आणि खुर्च्या रचायला गेले.