राघू कुणाच्या हाती द्यायचा

लातूर जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी उदगीरच्या कचेरीतली माणसं अजून एकेक करून तिकडं ओढली जात होती. मलप्पा शिपायाची बदली आली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खोलीत तो आणि त्याचा राघू. लातुरात चार शिपायांनी मिळून एक खोली घेतली होती आणि त्यांनी आधीच बजावलं होतं, "तू ये, पाखरू आणू नको. हितं माणसालाच पानी न्हाई."

साहेबाच्या दाराशी उभं राहण्यात मलप्पाचं आयुष्य गेलं होतं. जो लई गोड बोलतो त्याचं काम वाकडं असतं, हे तो त्या दारात शिकला होता. म्हणून राघू द्यायचाय ही बातमी गल्लीत फुटली आणि लोक आपणहून येऊन "आम्हाला द्या की" म्हणू लागले, तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्याच पडल्या. दुष्काळात एक तोंड वाढवायला हे एवढे का पुढं येऊन राहिलेत?

तो न सांगता एकेकाच्या घरी जायचा, बसायचा आणि प्यायला पाणी मागायचा. दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर आला की बायका घागरींसाठी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अशात पाणी देताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते त्याला बघायचं होतं.

पहिला अण्णाराव किराणावाला. "दुकानात टांगू, मलप्पा. पाखरू बघायला गिऱ्हाईक थांबतंय," तो म्हणाला.

"जरा पानी द्या."

"पानी कशाला? चहा घ्या की!" चहा आला. पाणी काही आलंच नाही. पिंजऱ्यासाठी अण्णारावानं दाखवलेला हूक पत्र्याखाली होता, आणि पत्रा उन्हानं तडतडत होता.

विरूपाक्षाकडं मात्र पाण्याची ददात नव्हती. परसात विहीर, आणि तिला अजून पाणी होतं. तांब्या गच्च भरून आला. मलप्पाचं मन वळत आलं होतं, तेवढ्यात माळ्यावर उपडा पडलेला पिंजरा त्याला दिसला.

"आधी पाळला होता का?"

"हाव. उडून गेला," विरूपाक्ष म्हणाला.

त्याच वेळी आतून त्याची बायको हळहळली, "संक्रांतीला मेला बिचारा."

मलप्पा तांब्या खाली ठेवून उठला.

मग आल्या धुरपताबाई. त्या शाळेत मास्तरीण होत्या, कसल्याशा दाखल्यासाठी कचेरीत आल्या होत्या. त्यांनी राघू मागितला नाही. "का देऊन राहिलात?" एवढंच विचारलं. हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. हिला काय करायचंय, असं मनात घोळवत मलप्पा संध्याकाळी त्यांच्या घरी गेला. घर बौद्धवाड्यात, दोन खोल्यांचं. आत बाजेवर त्यांची आई नागुबाई पडून होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

मलप्पानं ठरल्याप्रमाणं पाणी मागितलं. बाई लगेच उठल्या नाहीत. त्याच्या कपाळावरच्या विभूतीकडं बघत राहिल्या. मग रांजणातून तांब्या भरून आणला, त्याच्यापुढं ठेवला आणि समोरच उभ्या राहिल्या.

इथं परीक्षा आपली आहे, हे मलप्पाला तेव्हा कळलं. हात तांब्यापर्यंत गेला आणि थांबला. या वस्तीत तो कधी पाणी प्यायला नव्हता. त्यानं तांब्या उचलला आणि रिकामा केला.

"थांबलात," बाई म्हणाल्या.

"हाव. थांबलो," मलप्पा म्हणाला.

मग राघू घेता का, असं त्यानं आपणहून विचारलं. बाईंनी तांब्या उचलून घेतला. "पाखरू बघितल्याशिवाय मी हाव म्हणणार नाही. लोक आजारी जनावर दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. फुकट देणाऱ्याचं तर मला भ्याच वाटतं."

मलप्पाला राग आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर असा संशय कुणी घेतला नव्हता. घरी पोचेपर्यंत तो धुसफुसत होता. मग हंड्यावरचं झाकण उघडता उघडता त्याच्या मनात आलं, बाकीच्या कुणाला पाखरू बघायचंसुद्धा नव्हतं.

रविवारी बाई आल्या. दार वाजताच राघूनं मान तिरकी केली. "यारु?"

"हा काय म्हणतो?"

"कोन हाय म्हणून इचारतो. आमच्या घरची कानडी."

"मी धुरपता," बाईंनी पिंजऱ्याशी वाकून, अगदी गंभीरपणे सांगितलं. मग त्याची चोच बघितली, पाय बघितले, पिंजऱ्याचा तळ बघितला. हरभऱ्याची डाळ किती वेळ भिजवता, मिरची देता का, रात्री पिंजरा कशानं झाकता, सगळं विचारलं.

"तुमच्याकडं मांजर?" मलप्पानं विचारलं.

"माझ्याकडं नाही, शेजारी आहे. खिडकीतून येतं. जाळी बसवावी लागेल. मी शाळेत गेल्यावर आई दिवसभर एकटी असते, तिला सोबत होईल म्हणून हवाय."

बाकी सगळ्यांनी मांजर न्हाई म्हणून हात झटकले होते. मलप्पा म्हणाला, "जाळी बसवा. मी बघून जाईन, मग देईन."

जाळी बसली, त्यानं ती हातानं ओढून बघितली, आणि राघू गेला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दिवाळीला तो लातूरहून न कळवता आला. आधी बाईंच्या समोरच्या घरी गेला. "मांजर येतं का वो हिकडं? पाखराचा आवाज येतो का?" असं तो दबक्या आवाजात विचारत होता, तेव्हा पाठीमागं धुरपताबाई उभ्या होत्या.

मलप्पा ओशाळला.

"विचारा, विचारा," त्या म्हणाल्या. "राघू घेण्याआधी मीही तुमच्या कचेरीत तुमच्याबद्दल विचारलं होतं."

"काय म्हणले?"

"संशयी आहे म्हणाले. खोटा नाही."

आत नागुबाईच्या उशाशी राघू मोकळा बसला होता. त्याच्या शेपटीची दोन पिसं गळालेली दिसली. बाई म्हणाल्या, या दिवसांत गळतात. मलप्पानं मान हलवली, पण उठून खिडकीची जाळी पुन्हा एकदा ओढून बघितली. बाईंनी ते पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.