दोन्ही बाजू एकटीनं

शिंप्याच्या मुलीला सगळी गल्ली टेलिफोन म्हणायची. शिंप्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि ही पाच वर्षांची असल्यापासून गिऱ्हाईक आणि बाप यांच्या मधे उभी राहून निरोप पोचवायची. बाही दोन बोटं आखूड झाली, पँट कमरेत आवळते, कोट आजच पाहिजे. कुणी तावातावानं वेडंवाकडं बोललं तर तेही ती जसंच्या तसं सांगायची, चेहऱ्यासकट. एकदा एका बाईसाहेबांनी शिंप्याला गाढव म्हटलं. पोरीनं तेही पोचवलं, कानाला पंजे लावून. बाप असा काही हसला की बाईसाहेबांना आपला राग आवरता घ्यावा लागला.

पुढे तिनं याच कामाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि ती खुणांच्या भाषेची दुभाषी झाली. आज कोर्ट, उद्या हॉस्पिटल, परवा शाळा. या धंद्याचे नियम कडक. अंगात एकरंगी गडद सदरा हवा, म्हणजे हात उठून दिसतात. चोराचं सांगताना चोर व्हायचं, न्यायाधीशाचं सांगताना न्यायाधीश. नजर सगळ्यांवर फिरती ठेवायची, एकावर रोखायची नाही. आणि स्वतःचं मत घरी ठेवून यायचं. तिची पंचाईत अशी, की ते ठेवायला तिला घरीही जागा नव्हती.

बाबा श्रद्धाळू. दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारे. तिथलं प्रवचन त्यांना आई हातांनी सांगायची. आईला ऐकू येत होतं. सहा वर्षांपूर्वी आई आजारी पडली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मुलीनं एकोणीस दिवस देवाकडे एकच मागणं मागितलं, आणि विसाव्या दिवशी आई गेली. प्रवचन सांगायचं काम मुलीकडे आलं, पण विश्वास आईबरोबरच संपला होता. मग तिनं जीवशास्त्राची पुस्तकं वाचायला घेतली. माणूस कुठून आला, आजार कुठून आला, हे वाचता वाचता तिला बरं वाटू लागलं. कुणीतरी रागावून आईला नेलं नाही, एवढं तरी त्यातून कळलं.

हे बाबांना सांगायचं कसं? ते इतके सरळ, की ऐकल्यावर तिला प्रवचनाला उभं राहू देणार नाहीत. गावात दुसरी दुभाषी एकच, आणि ती रविवारी, म्हणजे नेमकी प्रार्थनेच्या दिवशी, काम घेत नसे. म्हणजे बाबांचा देवाशी असलेला उरलासुरला संबंधही तुटणार, आणि तोडणारी आपण. सहा वर्षं ती दर आठवड्याला बाबांसमोर उभी राहून देवाची दया, देवाची करुणा मन लावून सांगत राहिली. ढोंग करायचं तर निदान नीट करावं, असा तिचा हिशेब.

अशातच वाचनालयाच्या सभागृहात एका शनिवारी दुपारी जाहीर वादविवाद ठरला. एका बाजूला नास्तिक म्हणून प्रसिद्ध असलेले जीवशास्त्राचे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला बाबांच्या प्रार्थनागृहातले प्रवचनकार. बाबा आठ दिवस आधीपासून हरखलेले. दोघी दुभाषींनी काम वाटून घेतलं: सहकारीणबाई प्राध्यापकांना घेतील, ही प्रवचनकारांना. बाबांसमोर देव नाही असं म्हणायची वेळ नको, म्हणून हिनंच हातापाया पडून तसं ठरवलं होतं.

कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना सहकारीणबाईंचा निरोप आला, ताप एकशे तीन. पहिल्या रांगेत बहिरी मंडळी बसलेली, मधोमध बाबा, इस्त्रीच्या शर्टात. ती पाणी प्यायली आणि तिनं दोन्ही बाजू एकटीनं घेतल्या.

अशा वादांत बहुतेक वेळा दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून ओरडत असतात. हे दोघे निदान समोरासमोर बसले होते. प्रवचनकारांनी हात वर केला आणि विचारलं, "हा पंजा बघा. सुई ओवतो, बाळ उचलतो. एवढी कारागिरी, आणि कारागीर नाही?" प्राध्यापक म्हणाले, "याच हाताची हाडं देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परात आहेत, वटवाघळाच्या पंखात आहेत. वर एक, खाली दोन, मग बारीक खडे, मग बोटं. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका माशाच्या परात याची सुरुवात झाली. कारागीर नव्हता. वेळ होता, भरपूर." हाताबद्दलचं सगळं हातांनीच सांगायचं म्हटल्यावर पहिल्या रांगेत हशा पिकला. प्रवचनकार म्हणाले, "कसा झाला ते तुम्ही सांगा, मी शिकेन. पण आभार कुणाचे मानू, ते तुमच्या पुस्तकात नाही." टाळ्या. तिचे हात दोन्हीकडे सारखे चालत होते. आपण यातून सुटणार असं तिला वाटू लागलं.

मग प्रश्न सुरू झाले. एका आजीबाईंनी प्राध्यापकांना विचारलं, "तुमचा देव सुटला कधी?"

प्राध्यापक म्हणाले, "आई गेली तेव्हा. प्रार्थनेला बसलो आणि समोर कुणी नाही असं वाटलं. रडलो नाही, ओरडलो नाही. उठून चहा केला. वडिलांना मात्र हे सांगायचा धीर झाला नाही. आता तेही नाहीत."

आई या शब्दाची एक खूण असते, गावातल्या सगळ्या बहिऱ्या माणसांची सारखी. शिंप्याच्या घरात आणखी एक खूण होती. आईच्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खाच होती. म्हणून भुवईवर दोन बोटं टेकवली की ती आई. ही खूण बाबांनी लग्नाआधी आईला दिली होती, आणि आता ती जगात दोनच माणसांना ठाऊक होती. दुभाषीची बोटं स्वतःच्या डाव्या भुवईवर गेली. त्याहून वाईट म्हणजे तिची फिरती नजर थांबली, ती नेमकी बाबांवर. "आई गेली तेव्हा" इथपासून "धीर झाला नाही" इथपर्यंत सगळं तिनं त्यांच्याकडे बघत सांगितलं.

बाबांच्या शेजारच्या पेन्शनर गृहस्थांनी खूण केली, "कोण गेली?" तिनं घाईघाईनं नेहमीची आई दाखवली. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

कार्यक्रम संपल्यावर बाबा घरी न जाता दुकानाकडे वळले. मागोमाग ती. त्यांनी दाराच्या फळ्या काढल्या, कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला केलं आणि तिला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं.

"ती आई प्राध्यापकाची नव्हती," बाबांचे हात म्हणाले.

"नाही."

"कधीपासून?"

"आई गेली त्याच दिवसापासून. सहा वर्षं झाली."

"आणि सहा वर्षं माझ्यासमोर उभी राहून देवाचं सांगतेस?"

"मी थांबले असते तर तुम्हाला कुणी सांगितलं असतं, बाबा?"

बाबांनी टेबलावर थाडकन हात आपटला. कात्री उडाली. तिला वाटलं, संपलं सगळं.

"देवाचं राहू दे," बाबा म्हणाले. "घरात माणसं दोन. तुझ्या मनात एवढं घडलं आणि तू एकटी बसलीस? माझ्यापासून लपवून रडलीस?"

तिला रडू आवरेना. या प्रश्नाची तयारी तिनं केलीच नव्हती.

बाबांनी कात्री उचलून जागेवर ठेवली. मग सावकाश सांगू लागले. "मीही तेच मागत होतो, तिला वाचव म्हणून. ती गेल्यावर वर्षभर मी प्रार्थनेत हात जोडून नुसता बसायचो. आत काही नव्हतं. तुला एकटीला जावं लागू नये म्हणून यायचो. तुझे हात बघत बसायचो. दया, करुणा, तू इतकं मनापासून सांगायचीस. बघता बघता माझं परत जमलं."

"माझे हात बघून? बाबा, माझ्या मनात तर..."

"मला काय माहीत तुझ्या मनात काय होतं! माझं जमलं ना?"

ती रडता रडता हसली. मग तिनं डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "पुढच्या आठवड्यात मी येऊ की नको?"

"ये. लोकांच्या मापाचे कोट मी आयुष्यभर शिवले, एकही माझ्या अंगाला बसणारा नव्हता. म्हणून काय वाईट शिवले? तू प्रवचन नीट सांग. पण घरी आल्यावर तुला स्वतःला काय वाटतं ते बोलायचं. मला पटणार नाही. तरी बोलायचं. आणि आधी ते माशाचं सांग, तिथे तू भलतीच घाई केलीस."

तिनं बाबांचा दंड धरला. वर एक हाड. कोपराखाली दोन. मनगटात बारीक खडे. बाबांनी स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं, वाकवलं, फिरवलं, आणि ठासून सांगितलं, "इतकं बेतशीर काम आपोआप होत नाही. चाळीस वर्षं कापड कापतोय मी."

"आपोआप कोण म्हणतंय? चुकीचं कापलेलं प्रत्येक वेळी वाया गेलं, जमलेलं तेवढं पुढे राहिलं."

"आणि एवढं कापड आणलं कुणी?"

इथे तिला शब्द पुरवायला प्राध्यापकही नव्हते आणि प्रवचनकारही. "माहीत नाही," ती म्हणाली, "पण तुमचा कारागीर तरी कापड कुठून आणतो, ते सांगा!"

पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात उभं होतं. बाप-लेकीचे हात असे चाललेले बघून त्याला वाटलं, घरचं काही भांडण दिसतंय, उद्या यावं. त्याचा अंदाज बरोबर होता. सहा वर्षांनी पहिल्यांदाच ती दोघं भांडत होती, आणि दोघांनाही ते थांबवायची घाई नव्हती.