दोन खांबांमधले मामाजी

हरायची इतकी जय्यत तयारी ठेवून जगणारा दुसरा माणूस अख्ख्या लखनौत शोधून सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामाजी मूळचे वर्ध्याकडचे. सरकारी नोकरीत इकडे आले, इथेच निवृत्त झाले आणि वृंदावन योजनेत घर बांधून राहिले. राहिले म्हणजे कागदोपत्री. एरवी रोज सकाळी जुन्या स्कूटरवरून सगळं शहर ओलांडून ते महानगर नावाच्या आमच्या भागातल्या एका छोट्या शाळेच्या मैदानावर हजर व्हायचे आणि तिथल्या मुलींना फुकट खो-खो शिकवायचे. वाटेत मागून येणारा जो तो त्यांना टाकून पुढे जायचा आणि मामाजी मान डोलावून म्हणायचे, "चांगला काढला." एकदा मी मागे बसलो असताना एका ई-रिक्षाने आम्हाला मागे टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाजींनी मात्र पुढच्या सिग्नलला त्या भैयाला गाठून त्याची पाठ थोपटली. तो बिचारा भांडायच्या तयारीनेच खाली उतरला होता.

समोरच्या संघाचं अभिनंदन मामाजी सामन्याआधीच करून टाकत. नंतर मन होईल न होईल, त्यापेक्षा मन स्वच्छ आहे तोवर उरकून घ्यावं, असा त्यांचा हिशेब. मग पिशवीतून संत्री निघत. सोलून, फोडी करून, आधी प्रतिस्पर्ध्यांना आणि उरल्या तर आपल्या मुलींना. एका शाळेच्या मास्तरीणबाईंना हे प्रेम इतकं संशयास्पद वाटलं, की त्यांनी पहिली फोड मामाजींनाच खायला लावली. मामाजींना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या संत्र्यांना बाईंनी किन्नू म्हटलं होतं; किन्नू म्हणजे इकडचं पंजाबी संत्रं. जगातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला दाद देणाऱ्या या माणसाने एका किन्नूला तेवढी कधी दाद दिली नाही. हिवाळ्यात लखनौचे सगळे ठेले किन्नूने भरलेले असले, तरी हे गृहस्थ वर्ध्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात संत्री मागवायचे आणि ती आंबट निघाली तर रेल्वेच्या डब्यात लागलेल्या उन्हाला दोष द्यायचे.

त्यांचा खरा नियम एकच होता. आपण बाद झालो हे आपल्याला कळलं, की पंचाने पाहिलेलं असो वा नसो, आपला हात आपणच वर करायचा. हा नियम मैदानापुरता असता तर आम्ही सुखी झालो असतो. रविवारी कॅरमला बसलं की दर तिसऱ्या फटक्याला मामाजी स्वतःचा हात वर करून सोंगटी परत ठेवायचे. एकदा तर मंगळवारी ऑफिसात त्यांचा फोन आला. परवा राणी घेताना आपलं कोपर रेषेच्या आत गेलं होतं असं आता आठवतंय, तेव्हा तो डाव माझा समजावा, म्हणाले. डाव झाला होता हेच मी विसरलो होतो. भीमजयंतीला आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं जमतो, तिथे लिंबू-चमच्याच्या शर्यतीत परीक्षक असताना त्यांनी स्वतःच्याच निकालाविरुद्ध तक्रार केली होती आणि ती मान्यही केली होती.

असल्या गुरूचा संघ जिंकणार कसा? मुली चपळ होत्या, पण दर सामन्यात एखादी तरी स्वतःहून हात वर करून बसायची. माझी मुलगी तनू त्यांच्यातलीच. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते, आणि हात मात्र मामाजींच्या भाषेत वर करते. सात वर्षं झाली, चषक म्हणून शाळेत आला नाही. शेवटी शाळेच्या मॅनेजरसाहेबांनी मामाजींना खोलीत बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, की यंदा चषक आला तर ठीक, नाहीतर जानेवारीपासून मैदान क्रिकेटच्या कोचिंगला जाईल, पालकांची तशी मागणी आहे. मामाजी हसत बाहेर आले. पण मामी गेल्यापासून त्या मुली आणि मैदानातले ते दोन खांब एवढाच त्यांचा संसार होता, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या आठवड्यात कॅरमवर त्यांनी एकदाही हात वर केला नाही. मला ते बरं लक्षण वाटलं, आता त्याची लाज वाटते.

शेवटचा सामना डिसेंबरातल्या एका सकाळी झाला. धुकं नुकतं उठलं होतं. गुण बरोबरीत होते आणि बरोबरी राहिली तरी आधीच्या सामन्यांच्या जोरावर चषक आमचाच होता. समोरच्यांना फक्त एक गडी हवा होता, आणि पळणाऱ्यांत आता एकटी तनू उरली होती. अर्धं मिनिट राहिलं असेल. तनू खांबाला वळसा घालत असताना मागच्या उंच मुलीने स्वतःला झोकून दिलं आणि ती तोंडावर पडली. तिची बोटं तनूच्या टाचेला लागलेली मला बसल्या जागेवरून दिसली. पंच पलीकडे होते, त्यांना दिसलं नाही. पडलेल्या मुलीलाही कळलं नसावं. तनू दोन पावलं पुढे जाऊन घुटमळली आणि तिने सीमारेषेवरच्या मामाजींकडे बघितलं. मी बाप असून मनातल्या मनात म्हणत होतो, पळ बाई, पळ. मामाजींकडे बघितलं तर ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

तनूने हात वर केला.

मामाजींनी नंतर संत्री वाटली, जिंकलेल्या मुलींचं पुन्हा एकदा अभिनंदन केलं, त्या उंच मुलीच्या खरचटलेल्या कोपराला पाणी लावलं. पुढचे दोन रविवार मात्र ते कॅरमला आले नाहीत. बरं नाही म्हणून कळवलं.

जानेवारीत शाळेतून निरोप आला, की खांब काढले आहेत, तुमचं काही सामान असेल तर घेऊन जा. सामान म्हणजे एक दोरी, एक शिट्टी आणि रेषा आखायच्या फक्कीचं अर्धं पोतं. मी, तनू आणि मामाजी गेलो. एका बाजूला क्रिकेटची जाळी लागलेली होती, आणि खांबांच्या जागी दोन खड्डे. मामाजी त्यातल्या एका खड्ड्यापाशी जाऊन उभे राहिले.

"तनू, त्या दिवशी मी पाह्यलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या टाचेला हात लागला होता. तू माझ्याकडे पाहून राहिली होती, अन् मी खाली वाकलो. इतकी वर्षं तुम्हा पोट्ट्यांना शिकवलं, अन् वेळ आली तर मीच चुकलो बाई."

मला वाटलं, पोर आता रडणार. ती तर चक्क हसली.

"आजोबा, हमको तो पता ही नहीं चला था कि लगा है," ती म्हणाली. "वो गिरी तो आपकी तरफ़ देखा, आप झुक गए, तब समझ में आया कि लगा होगा. आपको बेईमानी करना आता ही नहीं है."

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या क्षणी मला ती दोघंही इतकी आवडली, की चषकाचं दुःख मी तिथेच सोडून दिलं. मैदानाचं मात्र सोडता आलं नाही.

मग मामाजी खाली बसले आणि हातांनीच माती ओढून खड्ड्यात लोटायला लागले. मी म्हटलं, मामाजी, शाळेचा माळी करेल ते. "तो करेल तेव्हा करेल, जावईबापू," ते म्हणाले. "क्रिकेटची पोरं उद्यापासून पळतील इथे. एखाद्याचा पाय मुरगळेल."

तनूने दप्तर बाजूला ठेवलं आणि दुसरा खड्डा भरायला घेतला. मी दोरी आणि शिट्टी हातात धरून उभा होतो. खड्डा भरून झाला तरी मामाजी त्यावर पाय आपटत राहिले. माती नीट बसली आहे, अशी त्यांची काही केल्या खात्रीच होईना.