चैतातला जावई

चैत लागला की बाया मायेरी जातात. आमच्या घरी मात्र नवरा जायचा, तो बी माझ्याच मायेरी! आमच्या साऱ्या दरेकसा गावानं दात काढले. "काऊन वं शामकला, नवरा घरजावई झाला का?" मी म्हणायची, "झाला तं झाला. तुमच्या पोटात कायले दुखून राहिलं?"

नवऱ्याचं नाव घेऊ नाही, पण सांगितल्याबिगर कसं समजंल? दुधराम. माणूस लाखाचा, पण मोहाची दारू पोटात गेली की खाक. देश आझाद झाला त्याच सालची गोष्ट. धाकटी पोरगी तापानं फणफणत होती. हा वैद्याले आणायले गेला, अन् वाटेतल्या भट्टीवरच राहिला. पोरगी गेली. त्या दिवसापासून त्यानं दारू सोडली.

सोडली खरी, पण चैतात मोह पडतो. मग मोहफुलं अंगणात, टोपलीत, छपरावर, अन् वास साऱ्या गावात. माणूस पळून पळून कुठं पळंल? दोन चैत आले अन् दोन्ही चैतात तो पुन्हा प्यायला. शेवटी त्यानंच म्हटलं, "तुया बापाच्या गावी नुसत्या धानाच्या बांध्या हायेत. मोह सरेपर्यंत मी तिथंच राहतो."

आमच्याच भागातल्या गोरेगावजवळ माझं मायेर. बापानं पहिल्या दिवशी जावयाचा पाहुणचार केला, दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर माती टाकायले लावलं. बरंच झालं, मन गुंतलं.

अन् मी? मी इथं मोह वेचत. न वेचून कसं चालंल, पावसाळ्यात पोटाले तेच. तो तिकडं माझ्या मायच्या हातचं खाते अन् मी इकडं एकटी, अशी आग व्हायची जिवाची! मायची आठवण यायची, त्याची तं त्याहून जास्त. वेचता वेचता डोळे भरून यायचे.

एका चैतात त्याले राहवलं नाही. दिवस कलला होता. माझा देर पुनाराम धावत आला, "वहिनी, दादा ठेसनावर बसून हाये. गावात येत नाही म्हणते."

मी वाळत्या मोहातून उठली अन् तशीच पळाली. बाकड्यावर बसला होता, उन्हानं काळा पडलेला. मले पाहून उठला, पुढं आला, अन् मधातच थांबला. दोन पावलं मागं सरला.

"शामकला, तिथंच थांब. तुया लुगड्याले वास येऊन राहिला."

"मंग आले कायले जी?"

"तुले पाहाले."

मी आंघोळ करून येते म्हटलं, तं परतीची गाडी दिसायले लागली. तो गाडीकडं पाहे, माझ्याकडं पाहे. "चढू का राहू?" त्यानं इचारलं. माझा जीव 'राहा' म्हणत होता. मी म्हटलं, "चढा जी."

तो चढला. पुढं मरेपर्यंत त्यानं दारूले हात लावला नाही. लोक म्हणतात, शामकला नशिबाची. असंन बाप्पा. पण त्या दिवशी मले त्याच्या पाठीवर नुसता एकदा हात ठेवायचा होता.