मन्याला जाब विचारायला सिंगापूरला

विमान उतरताना खाली समुद्रात इतकी जहाजं उभी होती की मी मोजणं सोडून दिलं. शेजारचे प्रवासी फोटो काढत होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. चार वर्षं जपलेला जाब होता. ऐन वेळी जीभ अडखळायला नको.

घरी सांगितलं होतं, सिंगापूरच्या कारखान्यांच्या भागात, तुआसला, जुनी लेथ मशीन बघायला चाललोय. ते खोटं नव्हतं. जुनी मशीन घेऊन विकणं हाच माझा धंदा. नुसत्या आवाजावरून मशीनमध्ये किती जीव उरलाय ते सांगतो. पण तारीख ठरवली ती मन्यामुळे. युरोपातला त्याचा फुटबॉल क्लब त्याच आठवड्यात सिंगापूरला मैत्रीचा सामना खेळणार होता.

मन्या म्हणजे घानाचा इमॅन्युएल. आमच्या तालमीने (कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम असते, कुस्तीबरोबर ती फुटबॉलचा संघही पोसते) त्याला एका हंगामासाठी आणला होता. निवड माझी. राहिलाही माझ्याच माडीवर. तांबडा रस्सा पिऊन घामाघूम व्हायचा आणि पुन्हा वाटी पुढे करायचा. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो न सांगता निघून गेला. आम्ही तीन गोलांनी हरलो. ‘आण्णांनी आणला, आण्णांनीच पळवला,’ असं लोक माझ्या तोंडावर बोलले. तेव्हापासून मी तालमीची पायरी चढलो नाही. पण लोकांच्या बोलण्यापेक्षा जास्त सलत होतं ते वेगळंच. मशीन ओळखणाऱ्या मला माणूस ओळखता आला नाही?

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. अंतिम सामन्याआधी दोन दिवस सगळ्या खेळाडूंचे फोन तालमीच्या कपाटात बंद करायची आमची पद्धत आहे, विरुद्ध पेठेतल्यांनी फोन करून पोरांची डोकी फिरवू नयेत म्हणून. किल्ली माझ्याकडे असायची. हरल्यावर संतापात मी मन्याचा फोन रंकाळा तलावात भिरकावला. तालमीच्या फेसबुक पानावरून त्याला ब्लॉक करा, असंही पोरांना मीच बजावलं.

पहिल्या दिवशी तुआसला गेलो. रस्ते इतके स्वच्छ की कारखाने आहेत यावर विश्वास बसेना. दोन लेथ चालवून पाहिल्या; एकीच्या बेअरिंगचा आवाज पटला नाही, दुसरी ठरवली. मालक, साठीचे चिनी गृहस्थ, तासभर घासाघीस करून शेवटी हसले आणि म्हणाले, “अंकल, यू व्हेरी टायरिंग.” मला बरं वाटलं.

संध्याकाळी भाची मंजिरी मला ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली मांडलेले खाण्याचे गाळे) घेऊन गेली. ती हार्बरफ्रंट भागातल्या एका कंपनीत हिशेबनीस आहे, कॉन्डोत म्हणजे उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहते. साते (काडीला लावून भाजलेलं मांस) मागवताना मी सवयीने भाव पाडायला लागलो.

“मामा, इथे भाव करत नाहीत,” मंजिरी पुटपुटली. “मला परत यायचंय इथे.”

गाळ्यावरची बाई शांतपणे म्हणाली, “वाँट, ईट. डोन्ट वाँट, नेव्हर माइंड ला.”

मी खाल्लं. शेंगदाण्याची चटणी मात्र दुप्पट घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबचा सराव लोकांसाठी खुला होता. दमट हवेत सदरा अंगाला चिकटलेला. कठड्यापाशी जाऊ लागलो तर रखवालदाराने हात आडवा केला. “नो, अंकल. बियाँड धिस, कॅनॉट.” त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. डाव्या बगलेवर मन्या दिसला. खांदे भरलेले, पण धावण्याआधी तीच मान झटकायची सवय. जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो आणि ओरडलो, “ए मन्या! बॉल सोड की!”

त्याने बॉल सोडला. शब्दशः. बॉल पायाखालून निघून गेला आणि मन्या गॅलरीकडे बघत राहिला. सराव संपल्यावर धावत आला, कठडा ओलांडून वाकून पायाला हात लावू लागला. “आण्णा! रस्सा आणला काय?”

“रस्सा कसला, जाब विचारायला आलोय. का पळालास?”

त्याचं हसू गेलं. मराठी-इंग्रजीची खिचडी करत तो बोलू लागला. त्या दिवशी गोव्याहून एजंट गाडी घेऊन आला. पोर्तुगालला एका क्लबची चाचणी होती, दुसऱ्या खेळाडूने ऐनवेळी माघार घेतलेली. आत्ता निघ, नाहीतर तिसऱ्याला नेतो, म्हणाला. “तुम्ही साताऱ्याला. काकू माहेरी. तालमीत कुणी नाही, कपाटाची किल्ली तुमच्याकडं. एक तास पायरीवर बसलो, आण्णा.”

मला साताऱ्याचा तो दिवस आठवला. एका ड्रिल मशीनसाठी दोन तास जास्त घासाघीस केली होती.

पोर्तुगालच्या चाचणीत तो नापास झाला. मग एका खोलीत पाच आफ्रिकी पोरं, गुडघ्याची दुखापत, हिवाळाभर संघ नाही. पुढे बेल्जियमच्या खालच्या साखळीतल्या एका संघाने घेतला, दोन हंगाम बाकावर बसवला. आता कुठे तो पहिल्या अकरात होता.

“फोन का केला नाहीस?”

“भारतातला एकच नंबर पाठ होता. माझा. रोज लावायचो. वाटायचं, आण्णा कपाट उघडतील, उचलतील. पानावर पण लिहिलं. ब्लॉक.”

मी रंकाळ्याचं सांगितलं. तो इतका हसला की रखवालदारही हसू लागला. “आण्णा, नवा फोन होता ओ तो!”

छातीवरचा चार वर्षांचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. मी माणूस बरोबरच ओळखला होता. चूक होती ती माझ्या तापट डोक्याची, आणि ती परवडली.

त्याने नवा नंबर कागदावर लिहून दिला, माझा लिहून घेतला. परतीच्या विमानात मी तो पाठ केला.

कोल्हापुरात उतरून आधी तालमीत गेलो. वस्ताद कट्ट्यावर होते, पोरं बूट घासत होती. सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, साताऱ्याचं आणि रंकाळ्याचंही.

“म्हंजे त्यो पळाला न्हाई,” वस्ताद म्हणाले.

“न्हाई.”

“आणि चार वरसं तू आम्हाला शिव्या घालत घरात बसलास.”

खिशातला कागद न काढता मी नंबर फिरवला आणि फोन मोठ्या आवाजावर कट्ट्यावर ठेवला. दोनदा वाजला.

“बोला, आण्णा,” मन्या म्हणाला.